कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात: डेटा रिकव्हरीच्या टेबलावरील अर्थिंगविषयी प्रश्न

नवीपेठ_दुरुस्ती

नमस्कार. सोलापुरात नवी पेठेत माझे संगणक दुरुस्तीचे दुकान असून अलीकडे बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून डेटा काढून देण्याची कामेही मी घेऊ लागलो आहे. जागा भाड्याची आहे, इमारत जुनी आहे आणि वायरिंग इमारतीच्याच वयाचे आहे. टेबलावर रिकव्हरीचे कार्ड बसवलेला संगणक, दोन मॉनिटर, हॉट एअर आणि सोल्डरिंगचे एकत्रित स्टेशन, मायक्रोस्कोपचा दिवा आणि डिस्क उघडण्यासाठी घेतलेला, धूळ गाळून हवा सोडणारा पंख्याचा क्लीन बेंच एवढे सामान आहे. हे सर्व दोन एक्स्टेन्शन बोर्डांवर चालते आणि ते दोन्ही बोर्ड भिंतीवरील एकाच सॉकेटला लावलेले आहेत.

अडचण अशी आहे की चप्पल काढून फरशीवर उभा असताना कॅबिनेटला किंवा चालू डिस्कच्या धातूच्या अंगाला हाताची पाठ लागली की स्पष्ट झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर मंद पेटतो. वायरमनला दाखवले, तर "संगणकाला एवढा करंट येतोच, रबरी मॅट टाका" असे सांगून ते गेले. मॅट टाकल्यावर मला जाणवत नाही, हे खरे आहे. पण गेल्या महिन्यात एका ग्राहकाची डिस्क चालू कॅबिनेटला जोडताना बारीक ठिणगी दिसली आणि त्यानंतर संगणकाचे ते साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायची खाच, बंद पडले. डिस्क सुदैवाने वाचली.

माझे प्रश्न असे आहेत. हा करंट मला धोकादायक आहे का? तो ग्राहकाच्या डिस्कला धोकादायक आहे का? आणि स्थिर विजेसाठी मनगटाला जो पट्टा बांधतात त्याची क्लिप मी याच कॅबिनेटला लावतो, ते योग्य आहे का? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत जास्त सतावतो, कारण एकीकडे पट्टा बांधा असे सगळे सांगतात आणि दुसरीकडे ज्या पत्र्याला हात लावायची भीती वाटते त्याच पत्र्याला मी स्वतःला बांधून घेतो आहे.

चिंचोळी_विद्युत

आपला शेवटचा प्रश्न अगदी नेमका आहे, पण त्याचे उत्तर पहिल्या प्रश्नात दडलेले असल्याने तिथूनच सुरुवात करतो. एमआयडीसीतील कारखान्यांमध्ये विद्युत देखभालीचे काम माझ्याकडे बरीच वर्षे होते, त्यामुळे डिस्कच्या आतल्या गोष्टींवर मी बोलणार नाही. भिंतीपासून कॅबिनेटपर्यंतचेच सांगतो.

संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यात, विजेतील खरखर गाळण्यासाठी एक फिल्टर असतो. त्यातील दोन लहान कपॅसिटरांपैकी एक फेजपासून आणि दुसरा न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेला असतो. अर्थिंग शाबूत असेल तर या कपॅसिटरांतून झिरपणारा किंचित करंट अर्थच्या तारेने निघून जातो आणि पत्रा शून्यावर राहतो. अर्थिंग तुटलेले असेल तर दोन्ही कपॅसिटर मिळून पत्र्याला फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, म्हणजे २३० व्होल्टच्या निम्म्यावर, साधारण ११५ व्होल्टला तरंगत ठेवतात. आपल्याला जाणवते ते हेच आहे. एका एसएमपीएसमधून असा करंट बहुधा अर्धा मिलिअँपिअरही नसतो आणि माणसाला जाणीव व्हायला तेवढा जवळजवळ पुरतो. परंतु आपल्या दोन्ही एक्स्टेन्शन बोर्डांच्या अर्थ पिना एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि पुढे जमिनीला मात्र जोडलेल्या नाहीत, त्यामुळे संगणक, मॉनिटर, स्टेशन आणि बेंच यांचा सगळ्यांचा झिरपा एकत्र होऊन आपल्या हातातून वाट शोधतो.

एवढ्या करंटने जीव जात नाही. मुठीत धरलेली वस्तू सोडता न येण्याइतका करंट साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे सुरू होतो आणि हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका त्याहूनही वर, ३० मिलिअँपिअरच्या पलीकडे आणि करंट काही काळ वाहत राहिला तर असतो. म्हणून "एवढा करंट येतोच" हे विधान करंटाच्या आकड्यापुरते चूक नाही, पण त्या झिणझिण्यांचा अर्थ त्यातून निसटतो. त्यांचा अर्थ असा की आपल्या टेबलावर अर्थिंग नाही. उद्या क्लीन बेंचच्या मोटरच्या वाइंडिंगचे इन्सुलेशन जळाले किंवा हॉट एअरच्या नळीतील हीटरची तार आत पत्र्याला टेकली, तर निम्मे नव्हे, पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर येतील आणि त्या करंटला कपॅसिटरची मर्यादा नसेल. शिवाय एक्स्टेन्शनच्या अर्थमधून तो दाब टेबलावरील प्रत्येक पत्र्यावर, अगदी हातातील डिस्कवरही, एकाच क्षणी पसरेल. रबरी मॅट असावी, ती काढू नका, पण एक हात बेंचवर आणि दुसरा शेजारच्या लोखंडी रॅकवर असेल तर पायाखालच्या मॅटचा काहीही उपयोग होत नाही.

"एमसीबी आहे, ती पडेल" असा एक समज सर्वत्र आढळतो, म्हणून हिशेब मांडतो. एमसीबी म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच. समजा इमारतीचा अर्थचा खड्डा आहे, पण कोरडा पडला आहे आणि त्याचा रोध २० ओहम आहे. फेज पत्र्याला लागला तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर करंट वाहील. १६ अँपिअरची एमसीबी या करंटाला चालू लोड समजून तशीच उभी राहील आणि पत्रा जिवंत राहील. आपल्याकडील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खाली मुरूम आणि काळा पाषाण लागतो, त्यामुळे पावसाळ्यात चांगला वाटणारा खड्डा एप्रिल-मेमध्ये असा कोरडा पडणे मुळीच दुर्मिळ नाही.

यावर भाड्याच्या जागेतही करता येण्याजोगा उपाय म्हणजे टेबलाच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांतील फरक पाहते, त्यामुळे अर्थचा रोध २० ओहम असो की १०० ओहम असो, पत्र्याला फेज लागताच ती सेकंदाच्या अंशात पडते. १०० ओहमला ३० मिलिअँपिअर म्हणजे पत्र्यावर जेमतेम ३ व्होल्ट. मात्र अर्थ मुळातच नसेल तर बिघाड होताक्षणी ती पडणार नाही, कोणी हात लावल्यावर पडेल. शॉक बसेलच, फक्त थोडक्यात सुटका होईल. म्हणून दोन्ही हवे. आरसीसीबीवरील 'टी' लिहिलेले बटण अधूनमधून दाबून पाहावे, पण त्या बटणाने अर्थिंगची परीक्षा होत नाही, हे लक्षात ठेवावे.

परवानाधारक वायरमनकडून आधी भिंतीवरील सॉकेट उघडून घ्या. जुन्या इमारतींत तीन छिद्रांच्या सॉकेटमागे दोनच तारा असणे फार सामान्य आहे. फेज आणि अर्थ पिन यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब लावून तपासण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती करणार असाल तर टेबलावरील प्रत्येक प्लग आधी काढून घ्या, कारण अर्थ तुटलेला असेल तर त्या बल्बमधून आलेला फेज थेट सगळ्या कॅबिनेटांवर जाऊन बसतो. आणि बल्ब पूर्ण प्रकाशला तरी अर्थ आहे एवढेच कळते, चांगला आहे हे कळत नाही; २० ओहमच्या वाईट खड्ड्यावरही तो डोळ्यांना पूर्णच पेटलेला दिसतो. खरा आकडा अर्थ टेस्टरनेच मिळतो.

साखरपेठ_०७

एवढा खर्च कशाला करायचा, हे समजले नाही. सॉकेटमध्ये न्यूट्रलमधून एक छोटी तार काढून अर्थच्या पिनेला जोडली की झिणझिण्या लगेच थांबतात. आमच्या गल्लीतील बहुतेक दुकानांत असेच केलेले आहे आणि कोणालाही काही झालेले नाही.

चिंचोळी_विद्युत

साखरपेठकर, झिणझिण्या थांबतात हे खरे आहे, आणि म्हणूनच ही युक्ती एवढी पसरली आहे. पण तसे केल्यावर सगळ्या कॅबिनेटांचा जीव एका न्यूट्रलच्या तारेवर टांगला जातो. वळवाच्या पावसात खांबावरील किंवा मीटरपाशी ढिला झालेला न्यूट्रल तुटला की चालू असलेल्या दिव्या-पंख्यांमधून फेज त्या तुटलेल्या न्यूट्रलवर येतो आणि तिथून आपल्या छोट्या तारेने प्रत्येक पत्र्यावर. दुसरा प्रसंग याहून साधा आहे: कोणीतरी दुरुस्ती करताना मीटरबोर्डावर फेज आणि न्यूट्रल अदलाबदल करून बसवतो. दिवे, पंखे, संगणक सर्व पूर्ववत चालतात आणि कॅबिनेट मात्र सरळ फेजला जोडलेले असते. अशा ठिकाणी आरसीसीबीही सुरळीत काम करत नाही. झिरपा न्यूट्रलमधूनच परत जात असल्याने पत्र्यावरचा बिघाड तिला दिसतच नाही. ही तार कुठेही आढळली तर आधी ती काढावी आणि मग बाकीचे बोलावे.

डिस्क_वाचक

विजेच्या बाजूचे वर नेमके सांगून झाले आहे. मी पुण्यात हेच काम करतो, सासुरवाडी सोलापूरची, त्यामुळे तिथला उन्हाळा ठाऊक आहे. डिस्कच्या आणि मनगटाच्या पट्ट्याच्या बाजूने लिहितो.

साडेतीन इंची डिस्कला १२ आणि ५ व्होल्ट लागतात, अडीच इंचीला सहसा केवळ ५. या दाबाने माणसाला शॉक बसत नाही. डिस्कचे धातूचे अंग पीसीबीच्या, म्हणजे तिच्या सर्किट बोर्डाच्या, स्क्रूमधून ग्राउंडला आणि ते पुढे कॅबिनेटला जोडलेले असते, म्हणून आपल्याला डिस्कवर जे जाणवते ते डिस्कचे नसून कॅबिनेटचेच तरंगते ११५ व्होल्ट असतात. आपण दुसऱ्या अर्थिंग असलेल्या किंवा वेगळ्या दाबावर तरंगणाऱ्या उपकरणाची तार जोडता, तेव्हा हा फरक क्षणभरात समान होतो आणि ती उसळी ग्राउंडमधून जाण्याऐवजी सिग्नलच्या पिनेतून गेली तर पोर्ट किंवा पीसीबीवरील मुख्य चिप जाते. साटाच्या कनेक्टरमध्ये ग्राउंडच्या काही पिना मुद्दाम लांब ठेवलेल्या असतात, म्हणजे त्या आधी टेकतात. जुन्या चार पिनांच्या मोलेक्समध्ये आणि रुंद आयडीई पट्टीत अशी सोय नाही. आपल्याला दिसलेली ठिणगी मोलेक्सवरून साटा करणाऱ्या जोडणीवर होती का, ते पाहावे. त्यातही ज्या जोडणीत तारा प्लास्टिकमध्ये ओतून पक्क्या केलेल्या असतात, त्या आतून शॉर्ट होऊन वितळण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. मी त्या दुकानात ठेवतच नाही. डिस्क नेहमी पॉवर बंद असताना जोडावी. पीसी-३००० सारख्या रिकव्हरीच्या साधनांमध्ये डिस्कचा पॉवर सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येतो आणि करंट प्रमाणाबाहेर गेला तर तो तोडण्याची सोय असते. ती सोय असताना एसएमपीएसची तार थेट डिस्कला लावणे म्हणजे ग्राहकाच्या डेटावर जुगार खेळणे आहे.

येथे याच्याच जवळची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बाहेरील डब्यातील डिस्कला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पण गोल पिन बसली म्हणून घरात लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला जातो आणि "डिस्क अचानक बंद पडली" म्हणून ती आपल्याकडे येते. पीसीबी सोडवून पॉवरच्या कनेक्टरजवळ पाहिले तर दोन काळे चौकोनी डायोड दिसतात, एक १२ व्होल्टच्या वाटेवर आणि एक ५ व्होल्टच्या. जादा दाब आला की हे टीव्हीएस डायोड स्वतः शॉर्ट होऊन मागची सर्किट वाचवतात. मल्टिमीटरवर त्यांच्या दोन टोकांमध्ये शून्याच्या जवळ रोध दिसला तर डायोडने आपले काम केले, असे समजावे. तो काढून टाकल्यावर डिस्क पुष्कळदा फिरते, पण आता ती बिनचिलखताची आहे. अशी डिस्क फक्त कॉपी पूर्ण होईपर्यंत आणि करंट मर्यादित करता येणाऱ्या सप्लायवरच चालवावी, ग्राहकाला वापरायला परत देऊ नये. मर्यादा लावतानाही तारतम्य हवे. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर खेचते. मर्यादा त्याच्या खाली ठेवली तर मोटर उठते, बसते, पुन्हा उठते आणि आधीच थकलेल्या हेडवर, म्हणजे डेटा वाचणाऱ्या भागावर, प्रत्येक वेळी ताण येतो.

आता पट्ट्याविषयी. चांगल्या मनगटी पट्ट्याच्या तारेत १ मेगाओहमचा रोध असतो. क्लिप चुकून पूर्ण २३० व्होल्टला लागली तरी त्यातून पाव मिलिअँपिअरपेक्षा कमी करंट वाहतो, म्हणजे तो पट्टा आपल्याला मारणार नाही. पण हे विधान त्या रोधावर उभे आहे. स्वस्तातल्या पट्ट्यांमध्ये नुसती तार निघालेली मी पाहिली आहे. असा पट्टा बांधला की माणूस पत्र्याला पक्का जोडला जातो आणि दुसरा हात कुठे फेजला लागला तर सुटायची वाट राहत नाही. पट्टा विकत घेतल्यावर मनगटाच्या पट्टीपासून क्लिपपर्यंत मल्टिमीटरने मोजावे. बिनतारी पट्टे तर निव्वळ हातातले कडे आहेत.

अर्थिंग नसताना पट्ट्याची क्लिप कॅबिनेटला लावल्याने आपण आणि कॅबिनेट एकाच दाबावर येता, इतकेच. त्याच कॅबिनेटला जोडलेल्या डिस्कसाठी तेवढे बरे आहे, पण शेल्फवरून उचललेली डोनर डिस्क (सुटे भाग काढण्यासाठी ठेवलेली) त्या दाबावर नसते आणि उघडलेल्या डिस्कचे हेड तर याबाबतीत अतिशय नाजूक असते. अंगावरून ठिणगी उडाल्याचे आपल्याला जाणवते ते साधारण ३००० व्होल्टच्या पुढे. हेड त्याच्या कितीतरी खाली, आपल्याला पत्ताही न लागता, निकामी होते. मार्च ते मे सोलापूरची हवा इतकी कोरडी असते की पॉलिएस्टरचा शर्ट घालून खुर्चीवरून उठले तरी पुरे. टेबलावर चादर अंथरून काम करणारे तिथे भेटतात. सुती चादर प्लास्टिकच्या टेबलक्लॉथपेक्षा बरी, पण ती अँटिस्टॅटिक मॅटची जागा घेत नाही, आणि तिचे तंतू उघड्या डिस्कजवळ तर अजिबात नकोत. मॅट, पट्टा, सोल्डरिंग स्टेशन आणि क्लीन बेंच यांचा अर्थ एकाच बिंदूला आणावा. दोन खोल्यांतील दोन वेगवेगळ्या खड्ड्यांना नव्हे.

आणि एसएमपीएस उघडायचा असेल तेव्हा पट्टा काढून ठेवावा. आतील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. माझे मत विचाराल तर रिकव्हरीच्या टेबलावरील एसएमपीएस दुरुस्त करू नये, बदलावा.

नवीपेठ_दुरुस्ती

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. दुसऱ्या वायरमनला बोलावून सॉकेट उघडले. अर्थच्या पिनेमागे तारच नव्हती. मीटरबोर्डाजवळ मात्र इमारतीच्या खड्ड्यातून आलेली जस्ताची पट्टी सापडली, तिथून टेबलापर्यंत हिरवी तार स्वतंत्र केसिंगमधून आणली. जोडण्यापूर्वी कॅबिनेट आणि त्या जस्ताच्या पट्टीमध्ये १०८ व्होल्ट दिसत होते, जोडल्यावर १ व्होल्टच्या आत आले. अर्थ टेस्टरवर खड्डा १८ ओहम निघाला. घरमालक पावसाळ्याआधी नवा खड्डा करू म्हणाले आहेत. तोवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घेतली. मनगटाच्या पट्ट्यात रोध आहे, मोजून पाहिला. ठिणगी पडली ती जोडणी खरोखर मोलेक्सवरून साटा करणारी आणि ओतीव प्रकारचीच होती. ती फेकून दिली.

एक शंका उरते. खराब डिस्कची कॉपी कधी कधी दोन-तीन दिवस चालते आणि आमच्या भागात यंत्रमाग सुरू झाले की दाब खाली-वर होतो, म्हणून संगणक यूपीएसवर टाकायचा आहे. यूपीएसमुळे अर्थिंग किंवा आरसीसीबीला बाधा येते का? आणि आरसीसीबी मधेच विनाकारण पडून कॉपी तुटेल का?

चिंचोळी_विद्युत

नवा खड्डा करताना पाइप किमान अडीच मीटर खोल जाईल असे पाहा. खाली पाषाण लागला तर पाइप कापून काम उरकण्याऐवजी तो तिरका घालता येतो, अर्थिंगच्या भारतीय मानकात, आयएस ३०४३ मध्ये, तशी मुभा आहे. मीठ बेताने घालावे, कारण त्याने जस्ताचा पाइप लवकर खाल्ला जातो. उन्हाळ्यात पाणी घालण्याला पर्याय नाही.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ च्या खाली पडता कामा नये आणि ३० ला पडलीच पाहिजे, अशी तिची घडण असते. आपल्या टेबलाचा एकूण झिरपा काही मिलिअँपिअरच्या पलीकडे जाणार नाही, त्यामुळे विनाकारण पडण्याची शक्यता कमी आहे. तरीही दुकानातील इतर संगणक त्याच आरसीसीबीवर घेऊ नका. टेबलाला एक आणि बाकी दुकानाला दुसरी ठेवली की फ्रिजच्या किंवा पाण्याच्या मोटरच्या बिघाडाने आपली कॉपी तुटणार नाही.

यूपीएस बॅटरीवर असताना त्याच्या आउटपुटचा न्यूट्रल काही बनावटींत जमिनीपासून सुटा होतो आणि तशा वेळी भिंतीकडील आरसीसीबीला टेबलावरील बिघाड दिसत नाही. म्हणून यूपीएस तीन पिनांचाच घ्यावा, त्याच्या आउटपुटच्या अर्थ पिनेपासून मीटरबोर्डावरील पट्टीपर्यंत सलगता मोजून घ्यावी आणि बॅटरी तपासायची असेल तेव्हा भिंतीतून प्लग ओढू नये. प्लग ओढला की फेजबरोबर अर्थही सुटतो आणि चालू टेबल पुन्हा तरंगू लागते. बोर्डावरील स्विच बंद केला तर फक्त फेज तुटतो आणि अर्थ जागेवर राहतो.